आंब्याच्या पोटातल्या लाटा

प्रदर्शनात किंवा फोनवरच्या एखाद्या व्हिडिओत निळाशार लाकडी वाडगा दिसतो. त्याच्या अंगावर काळसर-निळ्या लाटा असतात, काठ कोळशागत काळा असतो आणि तो हलवला की लाटाही हलल्यासारख्या वाटतात. पाहणारा पहिला प्रश्न हमखास विचारतो, ‘या रेघा लाकडाच्या आहेत की रंगवणाऱ्यानं काढल्या?’

प्रश्न रास्त आहे. आपल्या अनुभवात रंग म्हणजे झाकण. दाराला ऑइलपेंट मारला की खाली सागवान आहे की जाहिरातीची जुनी फळी, हे कुणाला कळत नाही. मग या वाडग्यावर रंग चढल्यावर रेघा बुडण्याऐवजी ठळक कशा झाल्या? आणि काठ जाळूनही लाकूड शाबूत कसं राहिलं?

उत्तरासाठी लांब जायला नको. कराड तालुक्यातल्या उंब्रजच्या पंचक्रोशीत मिळणाऱ्या वस्तूंवर हे सगळं समजून घेता येतं. आंब्याचा एक बुंधा, थोडी हळद, हिरडा, हिराकस आणि लाख एवढं पुरे.

१. वखारीतला नावडता

उंब्रज हे तारळी आणि कृष्णेच्या संगमावरचं, पुणे-बेंगळुरू महामार्गावरचं बाजाराचं गाव. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक इथला. पश्चिमेला चाफळ-पाटणचे डोंगर, पूर्वेला मसूर आणि उसाचा सपाट मुलूख. अशा गावच्या वखारीत लाकडाची उतरंड ठरलेली असते. वर सागवान आणि शिसव. त्यांच्याखाली बाभूळ, कारण औतं आणि बैलगाड्या तिच्यावर चालल्या. आंबा तळाला. पेट्या, सेंटरिंगच्या फळ्या आणि जळण, एवढीच त्याची पत. वाडगा कातायला आंब्याचं लाकूड मागितलं तर समोरचा माणूस एकदा तुमच्याकडे पाहतो आणि विचारतो, ‘जळणाला का?’

त्यातही सर्वांत आधी बाजूला फेकला जातो तो बुंध्याचा, बेचक्याचा आणि गाठीचा भाग. फांदी फुटते तिथे, मुळं पसरायला लागतात तिथे आणि जुन्या जखमेभोवती लाकूड सरळ वाढत नाही. दबतं, वळतं, लाटा घेतं. सुताराला त्याचा राग येतो, आणि तो साहजिक आहे. रंधा मारावा तर मध्येच कपचे निघतात, फळी काढावी तर ती पिळते. सरळ काम ज्याला हवं त्याच्या दृष्टीनं हे लाकूड खोडीलच.

रंग आणि जाळ यांच्यासाठी मात्र हेच उत्तम.

२. कडब्याच्या पेंढीची दोन अंगं

लाकूड म्हणजे झाडाच्या उंचीच्या दिशेनं उभ्या असलेल्या बारीक नळ्या आणि धागे. त्यांच्या भिंती सेल्युलोजच्या असतात आणि लिग्निन नावाच्या द्रव्यानं त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. झाड जिवंत असताना यातल्याच काही नळ्यांतून पाणी मुळांकडून पानांकडे चढत असतं.

कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा. ती कोयत्यानं आडवी तोडली तर समोर सगळ्या ताटांची उघडी तोंडं दिसतात. त्यावर पाणी ओता, आत मुरेल. तीच पेंढी आडवी ठेवून तिच्या कुशीवर पाणी ओतलं तर बरंचसं निथळून जाईल. लाकडाचं असंच आहे. नळ्यांची तोंडं जिथे पृष्ठभागावर येतात तिथे रंग कित्येक मिलिमीटर आत शिरतो. नळ्या जिथे आडव्या पडलेल्या असतात तिथे तो वरच्या पातळ थरातच थांबतो. पहिली जागा गडद दिसते, दुसरी फिकी.

आता पेंढीतली ताटं सरळ नसून नागमोडी आहेत असं समजा आणि ती उभी चिरा. चिरेवर काही पट्ट्यांत ताटांची तिरकी तोंडं येतील, काही पट्ट्यांत त्यांच्या कुशी. तोंडं, कुशी, तोंडं, कुशी, असे एकाआड एक पट्टे पडतील. आंब्याच्या बेचक्यात होतं ते हेच. रंग न देताही हे पट्टे पुसट दिसतात. रंग दिला की त्यांच्यातला फरक वाढतो, कारण तोंडांनी रंग जास्त प्यायलेला असतो.

लाटा हलल्यासारख्या का वाटतात, हेही यातच आलं. आडवे पडलेले धागे उजेड परतवतात, तोंडं उजेड गिळतात. वाडगा फिरवला की उजेडाचा कोन बदलतो. मघाशी चमकणारा पट्टा विझतो, शेजारचा उजळतो. रंगवणाऱ्याला हे हातानं काढता येत नाही. त्यानं ब्रशनं काढलेली रेघ कुठूनही तशीच दिसते, म्हणून खऱ्या-खोट्याची पारख करायची असेल तर वाडगा खिडकीशी नेऊन फिरवून पाहावा.

आंब्यात आणखी एक प्रकार सापडतो. तोडलेला ओंडका पावसात पडून राहिला की त्याला बुरशी लागते. वेगवेगळ्या बुरशींच्या वसाहती लाकडात पसरतात आणि जिथे एकीची हद्द दुसरीला भिडते तिथे पेनानं काढल्यासारखी काळी रेघ उमटते. या रेघा सुंदर असतात. पण बुरशी लाकूड खातच असते. नखानं दाबल्यावर खड्डा पडला तर उशीर झाला. तो ओंडका खरंच जळणाचा.

३. गोल केलं की काय होतं

लाकूड फिरवून त्याला हत्यार लावायचं आणि गोल वस्तू घडवायची, हे कातकाम. महाराष्ट्रात कातारी ही कारागीर जातच होती. पूर्वी माल फिरवायला दोरी ओढावी लागे. एकदा ओढली की लाकूड इकडे फिरे, सोडली की तिकडे, आणि हत्यार एकाच फेरीत कापे. पलंगाचे पाय, पाळण्याच्या दांड्या, रवी, लाटणी, भोवरे हा सगळा संसार याच कामातला. आता कातयंत्राला, म्हणजे लेथला, मोटर आहे आणि लाकूड एकाच दिशेनं फिरतं.

वाडगा कातण्यासाठी ओंडका उभा चिरून अर्धा करतात आणि त्या अर्ध्यातून गोल तुकडा घेतात. म्हणजे धागे वाडग्याच्या तळाला समांतर, आडवे असतात. आता काठावरून बोट फिरवत एक चक्कर मारा. सुरुवातीला बोटाखाली धाग्यांची कूस असते, पाव चक्कर झाल्यावर तोंडं येतात, अर्ध्या चक्करेला पुन्हा कूस, पाऊण चक्करेला पुन्हा तोंडं. म्हणून लाकूड कितीही साधं असलं, तरी रंगवलेल्या वाडग्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू गडद आणि मधल्या दोन फिक्या येतात. नवख्याला वाटतं, आपला हात चुकला. हात चुकलेला नसतो, वाडग्याची घडणच तशी असते.

हा फरक कमी करायचा तर पॉलिश पेपरनं करतात. सगळा वाडगा २२० नंबरपर्यंत घासला असेल तर तोंडांच्या दोन बाजू पुढे ३२० आणि ४००पर्यंत घासायच्या. पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितका तो रंग कमी धरतो.

घासण्यातला आळस रंग लगेच उघडा पाडतो. ८० नंबरच्या कागदाचा एखादा ओरखडा राहिला असेल तर कोऱ्या लाकडावर तो दिसतही नाही. निळा रंग पडला की गडद रेघ होऊन वर येतो. म्हणून ८०, १२०, १८०, २२० असा एकही टप्पा न गाळता जायचं. मग ओल्या फडक्यानं लाकूड पुसायचं. पाण्यानं दबलेले धागे उभे राहतात. ते वाळल्यावर शेवटच्या कागदानं हलकेच कापायचे. हे आधी केलं नाही तर पाण्यातला रंग लावल्यावर तेच धागे उभे राहतात आणि घासायला गेलं की रंगही निघतो.

ओल्या लाकडाचं गणित वेगळं. ताजा आंबा कातायला लोण्यासारखा जातो, पण वाळताना आक्रसतो आणि वाकडा होतो. म्हणून तो दोनदा काततात. पहिल्यांदा भिंत जाड ठेवायची, साधारण व्यासाच्या दहाव्या भागाएवढी. २५ सेंटिमीटरच्या वाडग्याला अडीच सेंटिमीटर. मग सावलीत, वारं लागेल पण झोत लागणार नाही अशा जागी ठेवायचा आणि अधूनमधून वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. तोवर तो अंडाकृती झालेला असतो. तो पुन्हा गोल कातायला ती जाडी कामी येते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे काम महिनोन्‌महिने रेंगाळतं आणि रेंगाळू द्यावं. ओल्या लाकडावर रंग नीट बसत नाही.

४. विरघळणारा रंग, न विरघळणारा रंग

रात्री काचेच्या दोन पेल्यांत एक प्रयोग करा. एकात पाणी घेऊन चमचाभर गेरू ढवळा. दुसऱ्यात स्पिरिट घेऊन चमचाभर हळद ढवळा आणि फडक्यातून गाळा. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा जवळपास शेगडी नको. सकाळी पाहिलं तर गेरू तळाशी बसलेला असतो आणि वरचं पाणी बरंचसं निवळलेलं. हळदीचं स्पिरिट मात्र तळापर्यंत पिवळं आणि पारदर्शक.

गेरूचे कण कितीही बारीक दळले तरी कणच राहतात. ते लाकडावर बसतात आणि जाड थर झाला की लाकूड झाकतात. ऑइलपेंट या जातीचा. हळदीतलं पिवळं द्रव्य स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणजे एकेक रेणू सुटा होतो. तो लाकडाच्या भिंतीत शिरतो, उजेड त्याच्यातून आरपार जातो आणि खालचे धागे दिसत राहतात. निळ्या वाडग्यावरचा रंग या दुसऱ्या जातीचा असतो. सुरुवातीच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं उत्तर रंग लावण्याच्या क्रमात आहे.

समजा, निळा वाडगा करायचा आहे. आधी सगळ्या वाडग्याला काळा रंग देतात. तो वाळल्यावर पॉलिश पेपर घेऊन तो काळा जवळजवळ सगळा घासून काढतात. पाहणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, पण गंमत इथेच आहे. धाग्यांच्या कुशीवरचा काळा वरवरचा असतो, तो निघून जातो. तोंडांतला काळा खोल गेलेला असतो, तो राहतो. आता लाकडावर फक्त लाटा काळ्या उरतात. त्यावर निळा दिला की फिक्या पट्ट्यांवर निळा निळाच दिसतो आणि काळ्या पट्ट्यांत तो बुडून गडद होतो. पाच ग्रॅम रंग अर्ध्या लिटरात, म्हणजे एक टक्का, इतक्या पातळ रंगाचे दोन-तीन हात द्यावेत. एकदम दाट हात दिला तर लाटाही बुडतात. लाकडाचा स्वतःचा रंगही हिशेबात धरावा लागतो. आंबा पिवळसर असतो आणि पिवळ्यावर निळा पडला की हिरव्याकडे झुकतो.

हळदीचं काय? सांगली ही हळदीची मोठी पेठ आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आंब्याच्या लाकडावर हळदीचं स्पिरिट फिरवलं की असा लखलखीत पिवळा उठतो की दुसरं काही नको वाटतं. चुन्याची निवळी फिरवली तर तोच लाल होतो. हळद आणि चुना, म्हणजे कुंकवाचीच रीत.

पण हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. उंब्रजजवळच्या पालीच्या खंडोबाची पौषातली यात्रा केलेल्याला हे सांगावं लागत नाही. भंडाऱ्यात कपडे पिवळेजर्द होतात, घरी आल्यावर धुऊन उन्हात टाकले की चार उन्हांत पिवळा विरतो. उन्हातली अतिनील किरणं हळदीतल्या द्रव्याचे रेणू तोडतात. चुन्यानं आलेला लाल तर त्याहून अल्पायुषी. खिडकीत ठेवायच्या वाडग्याला हळद लावणं म्हणजे मेहनत उन्हाला देणं. विल्यम पर्किननं १८५६ साली लंडनमध्ये कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग काढला आणि कृत्रिम रंगांचं युग सुरू झालं. आज लाकडासाठी आणि चामड्यासाठी धातूचा अणू जोडलेले रंग मिळतात. ते उजेडाला जास्त काळ तोंड देतात. नैसर्गिक ते सगळं चांगलं असं मानणाऱ्यांनी एक पिवळा वाडगा महिनाभर गच्चीवर ठेवून पाहावा.

काळ्याच्या बाबतीत मात्र आपला जुना रंग कुणाला हार जात नाही.

५. हिरडा आणि हिराकस

लोखंडी कढईत आवळा शिजवला की तो काळा पडतो. आवळ्यात टॅनिन असतं. ते लोखंडाला भेटलं की काळं संयुग तयार होतं. हिरड्यात टॅनिन भरपूर, म्हणून तर कातडी कमवायला तो वापरतात. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर हिरडा उदंड. हिराकस म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार. दोन्ही काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात आणि जुन्या काळ्या शाईचा आधार हीच जोडी होती.

बाभळीत किंवा खैरात टॅनिन अंगचंच असतं. त्यावर नुसतं हिराकसीचं पाणी फिरवलं तरी काळपट येतं. आंब्यात ते कमी. म्हणून आधी ठेचलेला हिरडा पाण्यात उकळून, गाळून, तो काढा वाडग्याला लावायचा आणि वाळू द्यायचा. मग चमचाभर हिराकस पेलाभर पाण्यात विरघळवून फडक्यानं फिरवायची. पहिले काही क्षण काहीच होत नाही. मग डोळ्यांदेखत राखाडी चढू लागतो, लाटांची तोंडं आधी काळी पडतात, कुशी मागून येतात. हवा लागेल तसा रंग गडद होत जातो. दुसरा हात दिला की गर्द काळा. हा रंग बाहेरून आणून लावलेला नाही. तो लाकडाच्या आतच तयार झाला आहे. म्हणून तो चोळल्यानं सहज जात नाही आणि उजेडालाही फारसा बधत नाही. हातमोजे मात्र घालावेत, नाहीतर लग्नसराईत काळी बोटं घेऊन फिरावं लागतं.

काळ्यासाठी बिब्बाही आहे. परीट कपड्यांवर खूण करत ती बिब्ब्यानंच. पण तो अंगावर उततो, फोड आणतो, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये. जाता जाता एक गोष्ट, आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. आंब्याच्या चिकानं ज्यांच्या ओठांना फोड येतात त्यांनी आंब्याचं लाकूड कातताना तोंडाला फडकं आणि पूर्ण बाह्या ठेवाव्यात. भुशानंही खाज सुटू शकते.

६. घर्षणाचा जाळ

आता जाळण्याकडे. लेथवर आग न पेटवता जाळता येतं, आणि त्याचा नमुना यात्रेतल्या भोवऱ्यावर असतो. भोवऱ्यावरचे लाल, हिरवे, पिवळे पट्टे ब्रशनं काढलेले नसतात. रंग मिसळलेल्या लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात. घर्षणानं लाकूड तापतं, लाख साधारण ७५ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होते आणि लाकडावर पसरते. मग केवड्याच्या जातीचं पान दाबून धरलं की झळाळी चढते.

याच घर्षणानं काळी रेघही काढतात. टोकदार हत्यारानं बारीक खाच पाडायची, त्यात तार ताणून धरायची, लेथ चालू. काही क्षणांत धूर येतो आणि खाच काळी होते. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी हव्यातच. तार बोटांना गुंडाळून धरणारे महाभाग असतात. तार अडकली तर बोटासकट जाते.

नवशिक्याची तक्रार अशी, की काठावर रेघ झटकन उमटते आणि बुडाशी उमटतच नाही. हिशेब करून पाहू. वाडग्याचा व्यास २० सेंटिमीटर, लेथ मिनिटाला १००० फेरे. काठाचा परीघ सुमारे ६३ सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला ६३० मीटर लाकूड तारेखालून जातं. ताशी ३८ किलोमीटर, एखाद्या मोपेडचा वेग. बुडाचा व्यास ५ सेंटिमीटर असेल तर परीघ १६ सेंटिमीटर आणि वेग ताशी साडेनऊ किलोमीटर, सायकल रमतगमत चालवल्यासारखा. फेरे तेवढेच, पण घासण्याचा वेग चौथाईवर आला. म्हणून बुडाशी फेरे वाढवावे लागतात किंवा तार जास्त वेळ धरावी लागते. लाखेच्या कांडीलाही हाच नियम.

लाखेचं कातकाम भारतात ठिकठिकाणी आहे. कर्नाटकातलं चन्नपट्टण, आंध्रातलं एटिकोप्पाका, गुजरातेतलं संखेडा. आपल्याकडे सावंतवाडी, तिथल्या चितार आळीत लाकडी फळं आणि खेळणी मांडलेली असतात. या परंपरांकडे आपल्या प्रश्नाच्या नजरेनं पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. चन्नपट्टण आणि एटिकोप्पाकाचे कारागीर काळ्या कुड्याचं पांढरं, एकसारखं लाकूड घेतात. सावंतवाडीत हलका पांगारा. दोन्ही लाकडांत नक्षी जवळपास नाहीच, आणि तिच्यावाचून काही अडतही नाही. वरून लाख किंवा रंग लाकूड पूर्ण झाकणार. मग आतल्या लाटा काय कामाच्या? उलट त्या त्रासच. आपल्या कारागिरांनी रंगासाठी सपाट लाकूड निवडलं आणि नक्षीचं लाकूड, म्हणजे शिसव, बिनरंगाचं ठेवलं. खोडील आंबा या दोन्हींच्या मध्ये पडला आणि चुलीत गेला. माझ्या मते आंब्याची पत कमी राहिली ती यामुळे. लाकूड म्हणून तो काही इतका वाईट नाही.

७. ज्योतीचा जाळ

बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना ज्यानं पाहिलं आहे त्याला लाकूड जळणं आणि लाकूड संपणं यातला फरक माहीत असतो. लोखंडी धाव भट्टीत लाल करतात, चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर घालतात. धुराचा लोट उठतो, काठ पेट घेतो, लगेच पाणी मारतात. धाव आक्रसून आरे, पुठ्ठे, तुंबा सगळं आवळून धरते. चाकाच्या काठाला काळी कड राहते आणि ते चाक पुढे वर्षानुवर्षं उसाची ओझी वाहतं.

कोळशाचा थर उष्णता सावकाश आत जाऊ देतो. वरचा मिलिमीटरभर थर काळा झाला तरी खालचं लाकूड तसंच असतं, मात्र आच लगेच काढून घ्यायला हवी. वाडग्याच्या काठावरून गॅसचा छोटा बर्नर असाच फिरवतात, एका जागी न थांबता. लाटांच्या लाकडावर इथेही तोंडंच आधी काळी पडतात, कारण धाग्यांची उघडी टोकं लवकर करपतात. म्हणजे रंगानं जे केलं तेच ज्योतीनं, थेंबभर रंगाशिवाय.

दुसरी रीत जास्त जाळून घासण्याची. जपानात घराच्या फळ्या जाळून लावायची जुनी पद्धत आहे. तिथलं देवदारासारखं लाकूड आणि आपल्याकडे पॅकिंगच्या चौकटींतून येणारं पाइनवूड, दोन्हींत वर्षाच्या सुरुवातीला वाढलेला पट्टा मऊ आणि नंतरचा कडक असतो. जाळलं की मऊ पट्टा आधी जळतो. तारेच्या ब्रशनं घासलं की तो निघून जातो, कडक पट्टे उंचवटे होऊन राहतात आणि हात फिरवला तर नक्षी बोटांना लागते. आंब्यावर हे करायला गेलात तर निराशा पदरी पडेल. आंब्याच्या नळ्या वर्षभर सारख्याच पसरलेल्या असतात, मऊ-कडक असे पट्टे त्यात पडत नाहीत. सागवानात थोडंफार जमतं, पण सागवान जाळायची छाती कुणाची?

एका प्रकाराबद्दल मात्र हात जोडून सांगायचं आहे. लाकडावर क्षाराचं पाणी लावून जुन्या मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमधून वीज सोडतात. विजेच्या झाडासारख्या जळक्या फांद्या उमटतात. व्हिडिओत ते मोहक दिसतं. त्या तारांत दोन हजार व्होल्टच्या आसपास वीज असते आणि घरातला फ्यूज किंवा ट्रिपर तिच्या आड येत नाही. यात अनेक माणसं जागीच गेली आहेत. अमेरिकेतल्या कातकाम करणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं आपल्या कार्यक्रमांत आणि प्रकाशनांत हा प्रकार बंद केला आहे. करू नये.

८. वरचा हात

रंगवलेलं, जाळलेलं लाकूड कोरडं असताना मळकट दिसतं. त्याला जान येते ती पारदर्शक थरानं. त्याची आपली जुनी शाळा सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत आहे. शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगारांतून तिथे सतारी आणि तंबोरे करणारी घराणी उभी राहिली आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तुणीच्या तांबूस लाकडावर चढणारी ती झळाळी म्हणजे मुख्यतः चपडी लाख आणि स्पिरिट. मलमलीत कापूस बांधून बोळा करायचा, लाखेच्या द्रावणात भिजवून पिळायचा आणि एकावर एक इतके पातळ हात द्यायचे की एकेकटा दिसूही नये. भोवऱ्यावर झाकणारी लाख इथे रंगाविना, आरपार दिसणारी होते.

पण जिथे स्पिरिटात कालवलेला रंग आहे तिथे हा बोळा सांभाळून. बोळ्यातलं स्पिरिट खालचा रंग पुन्हा विरघळवतं आणि निळ्या लाटा काठापर्यंत फरफटतात. साधा नियम असा, वर स्पिरिटची लाख द्यायची तर खाली पाण्यात विरघळणारा रंग. खाली स्पिरिटचा रंग असेल तर वर तेल. जवसाचं तेल चांगलं मुरतं पण पिवळं पडत जातं, म्हणून निळ्याला नको. काळ्या आणि जळक्या कामाला उत्तम. जळक्या काठावरचा सुटा कोळसा आधी ब्रशनं आणि फडक्यानं काढून घ्यावा, नाहीतर तेलाबरोबर तो सगळीकडे पसरतो.

अशा वाडग्यात भाजी-आमटी वाढू नये. बाहेर रंग आणि आत कोरं लाकूड ठेवलं तर सुपारी, बदाम, फुलं यांना चालतं.

तेलाचं फडकं मात्र काम संपल्यावर चुरगळून कोपऱ्यात टाकायचं नाही. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते. बोळ्यात ती कोंडते, वाढत जाते आणि कुणी काडी न लावता फडकं पेटतं. भुसा आणि ढलप्यांनी भरलेल्या खोलीत एवढं पुरतं. फडकं पाण्यात भिजवावं, बाहेर दोरीवर उलगडून टाकावं आणि पूर्ण कडक झाल्यावरच कचऱ्यात द्यावं.